पोलिकार्पच्या हौतात्म्यपत्रांतील कबूतर

स्मुर्णा (हल्लींचें तुर्कस्तानांतील इझ्मिर) येथील वृद्ध बिशप पोलिकार्प यास जाळण्यांत आलें, ती हकीकत तेथील ख्रिस्ती मंडळीनें फिलोमेलियमच्या मंडळीस पत्रानें कळविली. हें पत्र अस्सल कीं मागाहून रचलेलें, या वादाचा निकाल आमच्या मतें भक्तीनें किंवा अश्रद्धेनें न लागतां प्रती ताडूनच लागावयाचा आहे.

पत्राच्या उपलब्ध ग्रीक प्रती दहाव्या शतकापासून पुढच्या. परंतु चौथ्या शतकाच्या आरंभीं यूसेबियसनें आपल्या मंडळीच्या इतिहासांत तें उतरून घेतलें आहे. पहिल्या सात कलमांचा त्यानें स्वतःच्या शब्दांत सारांश दिला असून आठव्यापासून तो बहुतेक शब्दशः उतारा देतो. हा भेद टीकाकारांनीं नीट जपलेला नाहीं. येशूच्या मरणाशीं साम्य दाखविणारीं स्थळें मागाहून घुसडलेलीं, असें काम्पेनहाउझेननें १९५७ सालीं मांडलें. परंतु पोलिकार्पला पकडून देणारांस यहूदाची गति मिळो, हा मजकूर सहाव्या कलमांतला. सारांशांत तो गळला, एवढ्यावरून कांहींच सिद्ध होत नाहीं.

कबुतराची गोष्ट निराळी. अग्नि देहास भस्म करीना, तेव्हां कट्यार खुपसण्याचा हुकूम झाला. आपल्यापुढील प्रतींप्रमाणें जखमेंतून एक कबूतर व आग विझण्याइतकें रक्त बाहेर आलें. यूसेबियसच्या उताऱ्यांत रक्त आहे, कबूतर नाहीं. क्रीडांगणांतील आकाशवाणी, शिडाप्रमाणें फुगलेली ज्वाळा, धुपासारखा सुवास, हे सर्व चमत्कार ज्यानें ठेविले, तो एक पक्षी संकोचानें गाळील हें संभवत नाहीं. कबूतर मागाहून आलें, असेंच म्हटलें पाहिजे. वर्ड्स्वर्थनें मूळ पाठ ‘पेरि स्तुराका’ (दांड्याभोंवतीं) असावा व लेखकानें तो ‘पेरिस्तेरा काइ’ (कबूतर आणि) असा वाचला असावा, अशी कल्पना लढविली. सलग ओळीची मोडी वाचणारास असा घोटाळा परका नाहीं. पण तो शब्द भाल्याच्या बुडख्याचा, आणि पत्रांतील शस्त्र कट्यार. म्हणून ही चतुर दुरुस्ती आम्हांस पटत नाहीं.

संशय खरा जातो तो पुष्पिकेकडे. इरेनियसच्या कागदांवरून गायसनें, त्यावरून कोरिंथ येथें सोक्रातेसनें आणि जीर्ण प्रत शोधून पायोनियसनें नक्कल केली. ती प्रत पोलिकार्पनेंच दृष्टान्तांत दाखविली म्हणे! तेराव्या शतकांतील मॉस्कोच्या प्रतींत हा शेवट आणखी वाढविलेला आहे. याच पायोनियसच्या नांवावर चालणारें पोलिकार्पचें चरित्र तर एकाच ग्रीक पोथींत टिकलें आहे. बाळपणीं पोलिकार्पला पाहिलेला इरेनियस त्याचा योहानाशीं सहवास सांगतो. या चरित्रांत योहानाचें नांवही नाहीं. तें इतिहासाच्या कामाचें नाहीं.

राहिला काळ. एकविसाव्या कलमांतील स्टेशियस क्वाड्राटस या अधिकाऱ्याच्या नांवावरून वॉडिंग्टननें १८६७ सालीं इ. स. १५५ हें वर्ष सुचविलें. यूसेबियस मात्र घटना मार्कस ऑरेलियसच्या कारकीर्दींत, म्हणजे १६१ नंतर घालतो, आणि त्याचा उतारा या कलमापूर्वींच संपतो. २०१० सालीं कँडिडा मॉस यांनीं सारें पत्रच तिसऱ्या शतकांत नेलें. अस्थींविषयींचा आदर त्यांस उशिराचा वाटतो. हा आक्षेप वजनदार आहे, कारण अस्थि गोळा केल्याचें अठरावें कलम यूसेबियसच्या शब्दशः उताऱ्यांतच आहे. कबुतराप्रमाणें तें उडवून लावतां येत नाहीं. उलट, आपण होऊन पुढें आलेल्या क्विंटसनें श्वापदें पाहतांच कच खाल्ली, ही लाजिरवाणी हकीकतही यूसेबियसला ठाऊक होती. ती निव्वळ उपदेशाकरितां रचली असें मानण्यापेक्षां गांवकऱ्यांच्या आठवणींतली मानणें आम्हांस अधिक सयुक्तिक दिसतें.