ऊलेनबेक यांचा जावानी-विचार आणि नष्टप्राय भाषांचा प्रश्न

ई. एम्. ऊलेनबेक (१९१३–२००३) यांच्या कार्याचे सकृद्दर्शनी दोन भाग पडतात. लायडेन विद्यापीठात जावानी भाषेचे अध्यापन करणारे संरचनावादी अभ्यासक, हा पहिला, आणि आर. एच्. रॉबिन्स यांच्यासह १९९१ मध्ये नष्टप्राय भाषांवरील ग्रंथ संपादणारे संघटक, हा दुसरा. या दोहोंत काही तात्त्विक नाते आहे काय, हे पाहिले पाहिजे.

१९४९ च्या प्रबंधात त्यांनी जावानी रूपिकेची घडण तपासली. 'तुतुप' (झाकण), 'बिबित' (रोप) यांसारख्या रूपिकांत पहिली दोन व्यंजने एकरूप असू शकतात. परंतु एकाच उच्चारस्थानाची भिन्न व्यंजने त्या दोन जागी सहसा येत नाहीत. असा नियम शे-दोनशे शब्दांच्या यादीवरून हाती लागत नाही; त्यासाठी भाषेचा समग्र शब्दसंग्रह लागतो.

आदरार्थी रूपांची गोष्ट याहून बोलकी आहे. 'खाणे' या अर्थी जावानीत 'मङन' हा साधा शब्द. श्रोत्याचा मान राखावयाचा असता 'नेडा'. आणि जेवणारी व्यक्तीच आदरणीय असेल तर 'डाहार'. मराठीत तू, तुम्ही, आपण हा भेद मुख्यतः सर्वनाम व क्रियापदाच्या रूपांपुरता असतो. जावानीत तो शब्दसंग्रहातच शिरला आहे. अशी निवड समजण्यास वक्ता, श्रोता आणि प्रसंग ही तिन्ही समोर असावी लागतात. रचनांतरणवादी व्याकरणावर त्यांनी घेतलेला आक्षेपही हाच होता: संदर्भापासून तोडलेले वाक्य हा भाषेचा पुरेसा पुरावा नव्हे.

तथापि एक उणीव नोंदविली पाहिजे. 'नष्टप्राय भाषा' ही कल्पना भाषेस अखंड वस्तू मानते. ती एक तर जगते, नाही तर मरते. जावानी कोट्यवधी लोक बोलतात; म्हणून गणनेच्या दृष्टीने ती सुरक्षित ठरते. परंतु शहरी तरुणांच्या तोंडून तिचे आदरार्थी स्तर मात्र ओसरत आहेत. भाषा एकाएकी मरत नाही. आधी तिच्यातील नाती मरतात. हे ओळखण्याचे साधन ऊलेनबेक यांच्याच जावानी अभ्यासात होते. नष्टप्राय भाषांच्या चर्चेत ते मध्यवर्ती ठरले नाही.

सर्वेक्षणास निघणाऱ्या अभ्यासकाने यातून एवढा बोध घ्यावा, की शब्दांची यादी करणे पुरेसे नाही. कोण कोणाशी कसे बोलतो, हेही त्याच वेळी टिपले पाहिजे. शेवटचा वक्ता एकटा उरल्यावर ते टिपण्यास अवसर राहत नाही.