काळ्या पट्ट्यांमागचा ग्रंथ

सरकारी अहवाल हा समीक्षेचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न आमचे काही वाचक विचारतील आणि तो रास्तच आहे. बहुतेक अहवाल वाचले जावेत म्हणून लिहिलेले नसतातच. सभागृहाच्या पटलावर ठेवले गेले की त्यांचे अवतारकार्य संपते. परंतु अमेरिकेच्या सिनेटमधील गुप्तवार्ता समितीने ९ डिसेंबर २०१४ रोजी प्रसिद्ध केलेला, सीआयए ह्या हेरखात्याच्या कैद व चौकशी ह्यांविषयीचा अहवाल ह्या सामान्य नियमात बसत नाही. तो पुस्तकरूपाने छापला गेला, पुस्तकांच्या दुकानात विकला गेला, आणि २०१९ साली त्याच्या जन्मकथेवर 'द रिपोर्ट' नावाचा चित्रपटही निघाला. आम्ही तो एक ग्रंथ म्हणूनच वाचला आणि ग्रंथ म्हणूनच त्याविषयी लिहीत आहोत.

लोकांच्या हाती आला तो मूळ ग्रंथ नव्हे, हे आरंभीच सांगितले पाहिजे. मूळ ग्रंथ ६,७०० हून अधिक पृष्ठांचा असून त्याला सुमारे ३८,००० तळटीपा आहेत. प्रसिद्ध झाला तो त्याचा सारांश, सुमारे ५२५ पृष्ठांचा, आणि त्यातही जागोजागी काळे फासलेले. म्हणजे आम्ही ज्याचे परीक्षण करीत आहो ती एका बंद वाड्याची केवळ ओसरी आहे. पण ओसरीवरूनही घरातल्या माणसांचा अदमास येतो.

ह्या ग्रंथाचा जन्म एका नाशातून झाला. नोव्हेंबर २००५ मध्ये सीआयएने कैद्यांच्या चौकशीच्या ९२ चित्रफिती नष्ट केल्या. डिसेंबर २००७ मध्ये ही गोष्ट वृत्तपत्रातून फुटली. तेव्हा खात्याकडून समितीस असे सांगण्यात आले की, चित्रफिती गेल्या तरी त्या वेळच्या तारा आणि टिपणे शाबूत आहेत, त्यांत सर्व काही आहे. समितीने ह्या शब्दावर विश्वास ठेवला आणि ती टिपणे खरोखरच वाचली. बहुधा हे खात्याला अपेक्षित नसावे. मार्च २००९ मध्ये समितीने १४ विरुद्ध १ अशा मतांनी संपूर्ण चौकशी सुरू केली.

ह्यानंतरची हकीकत वकिलाच्या दृष्टीने मोठी उद्बोधक आहे. समितीच्या कर्मचाऱ्यांनी कागद स्वतःच्या कचेरीत नेऊन वाचावयाचे नाहीत, तर व्हर्जिनिया राज्यात सीआयएने भाड्याने घेतलेल्या एका इमारतीत बसून, सीआयएनेच पुरविलेल्या संगणकांवर वाचावयाचे, असे ठरले. साठ लाखांहून अधिक पृष्ठे त्यांच्यापुढे ओतण्यात आली, तीही अनुक्रमणिकेवाचून. प्रत्येक पृष्ठ समितीस दाखविण्यापूर्वी खात्याने नेमलेली बाहेरची कंत्राटी माणसे ते अनेकवार तपासून पाहत. पुढे २०१० साली एकदा सुमारे ८७० आणि पुन्हा सुमारे ५० कागद एकदा दाखवून झाल्यावर संगणकातून नाहीसे झाले. ज्याची चौकशी करावयाची त्याच्याच ओसरीवर बसून, त्याच्याच दिव्याच्या उजेडात, त्याने वेचून दिलेले कागद वाचावयाचे, अशी ही पद्धत. आमच्या तालुक्याच्या कचेरीतही पंचनाम्याला ह्याहून अधिक स्वातंत्र्य असते.

ह्याच ढिगाऱ्यात समितीच्या माणसांना खात्याचे एक अंतर्गत परीक्षण सापडले. सीआयएचे तेव्हाचे प्रमुख लिऑन पॅनेटा ह्यांच्या नावाने ते ओळखले जाते. समितीने अहवालात जे निष्कर्ष काढले होते त्यांतले कित्येक ह्या खात्याच्या घरच्या कागदांतही होते. आणि तरीही खात्याने २०१३ साली समितीस दिलेल्या अधिकृत उत्तरात ते निष्कर्ष नाकारले होते. हा कागद समितीकडे कसा गेला, हे शोधण्यासाठी खात्याच्या माणसांनी समितीच्या वाट्याच्या संगणकांत हात घातला. ११ मार्च २०१४ रोजी समितीच्या अध्यक्षा डायान फाइनस्टाइन ह्यांनी सिनेटमध्ये उभे राहून हे सर्व जाहीर केले. आपल्या भाषणात त्यांनी हेही सांगितले की, समितीच्या कर्मचाऱ्यांविरुद्ध फौजदारी तक्रार पाठविणाऱ्या खात्याच्या विधिज्ञाचे नाव अहवालात १,६०० हून अधिक वेळा आले आहे. त्याच वर्षीच्या जुलैत खात्याच्या स्वतःच्या महानिरीक्षकाने पाच कर्मचाऱ्यांनी गैरवाजवी रीतीने हे केल्याचे मान्य केले, आणि आधी आरोप फेटाळणारे प्रमुख जॉन ब्रेनन ह्यांस माफी मागावी लागली. खटला मात्र कोणावरच झाला नाही. ना हेरांवर, ना हेरांचे कागद वाचणाऱ्यांवर.

आता अहवालाच्या मजकुराकडे वळू. त्याच्यावरील सर्वांत मोठा आक्षेप असा की, समितीने खात्याच्या एकाही अधिकाऱ्याची स्वतः जबानी घेतली नाही. समितीतील रिपब्लिकन सभासदांनी तो वारंवार मांडला आहे. ह्यावर समितीचे उत्तर असे की, ऑगस्ट २००९ पासून न्यायखात्याची फौजदारी चौकशी चालू असल्याने अधिकारी बोलावयास तयार नव्हते. आणि पूर्वी खात्याच्या महानिरीक्षकाने घेतलेल्या जबान्यांचा उपयोग समितीने केलाच आहे. आम्हांस हा आक्षेप निम्मा खरा वाटतो. ज्याच्यावर ठपका ठेवावयाचा त्याचे म्हणणे ऐकून न घेता लिहिलेला कागद हे आरोपपत्र होय, निकालपत्र नव्हे. पण पुराव्याच्या कायद्यात एक जुने तत्त्व आहे: पक्षकाराची स्वतःची कबुली त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून चालते, तीस दुसऱ्या साक्षीदाराची गरज नाही. हा अहवाल आरंभापासून शेवटपर्यंत कबुलीवर उभा आहे. त्यातील वजनदार वाक्य बहुतेक वेळा हेरखात्याच्याच माणसाने, आपले कोणी वाचील ह्याची कल्पना नसताना, रात्रीच्या तारेत लिहिलेले असते. समितीने एवढेच केले की, खात्याने अध्यक्षांना, न्यायखात्याला आणि खुद्द समितीला काय सांगितले ते एका बाजूस आणि त्याच वेळी खाते आपापसांत काय लिहीत होते ते दुसऱ्या बाजूस मांडले.

ही रचना किती परिणामकारक आहे ते हसन गुल ह्याच्या प्रकरणावरून दिसते. ओसामा बिन लादेनचा निरोप्या कसा सापडला, ह्या प्रश्नाचे उत्तर खात्याने 'वाढीव चौकशी-तंत्रे' असे दिले होते. अहवाल तारखा मांडतो. जानेवारी २००४ मध्ये इराकच्या कुर्द भागात पकडलेल्या गुलने त्या निरोप्याविषयी सर्वांत नेमकी माहिती दिली ती छळ सुरू होण्यापूर्वी. अहवालात 'कोबाल्ट' म्हटलेल्या तुरुंगात तो दोन दिवस होता. त्या दोन दिवसांत त्याच्या बोलण्यावरून २१ वार्तापत्रे तयार झाली. त्यानंतर त्याला दुसरीकडे हलविले, झोपू दिले नाही, छळले. आणि नवे म्हणण्याजोगे काही हाती आले नाही. येथे लेखकाने एकही विशेषण वापरलेले नाही. विशेषणाचा मोह टाळणे हे मराठी समीक्षेलाही अजून फारसे साधलेले नाही, हे जाता जाता नमूद करतो.

उलट बाजूची कथा लोकांपर्यंत किती सुलभपणे पोचली ते पाहा. २०१२ साली आलेल्या 'झिरो डार्क थर्टी' ह्या गाजलेल्या चित्रपटात छळातून धागा मिळाल्याचा समज प्रेक्षकास होतो, आणि त्या चित्रपटाच्या कर्त्यांस सीआयएने साहाय्य केले होते. फाइनस्टाइन, लेव्हिन आणि मकेन ह्या तीन सिनेटरांनी त्याविरुद्ध पत्र लिहिले; परंतु ज्या कागदांच्या आधारे ते लिहिले होते ते तेव्हा गुप्त होते. गुप्ततेचा हा गुण फारसा कोणी सांगत नाही. ती सर्वांची तोंडे सारखीच बंद करीत नाही. खात्याला आपली गोष्ट सांगावयाची असेल तेव्हा दार उघडते, प्रतिनिधीला सांगावयाची असेल तेव्हा राष्ट्राच्या सुरक्षिततेचे कुलूप लागते.

भाषेच्या बाबतीत हा ग्रंथ विलक्षण आहे, आणि त्याचे श्रेय काही अंशी काळी शाई लावणाऱ्यालाही द्यावे लागेल. तुरुंगांस देश नाहीत, केवळ रंग आहेत: हिरवा, निळा, काळा, जांभळा, कोबाल्ट. छळाची पद्धत रचणाऱ्या दोन मानसशास्त्रज्ञांस बनावट आडनावे आहेत. त्यांच्या मंडळीस ८ कोटी १० लक्ष डॉलर मिळाले, तो आकडा मात्र खरा आहे. अबू झुबैदा ह्याच्या तोंडावर कापड टाकून पाणी ओतण्याचा प्रकार ऑगस्ट २००२ मध्ये ८३ वेळा झाला. खालिद शेख महंमद ह्याच्यावर मार्च २००३ मध्ये १८३ वेळा. ह्या सर्वांस मिळून 'तंत्रे' हा एक शब्द. नोव्हेंबर २००२ मध्ये गुल रहमान हा कैदी कोबाल्टच्या थंड फरशीवर साखळीने जखडलेला असताना मरण पावला. एकूण ११९ कैद्यांपैकी निदान २६ जणांस धरणे खात्याच्या स्वतःच्या कसोटीसही उतरत नव्हते.

एवढे गुण सांगितल्यावर दोषही स्पष्ट सांगितला पाहिजे, आणि तो समितीच्या आत्मचित्रणाचा आहे. ह्या ग्रंथात विधिमंडळ फसविले गेलेले दिसते. ते फसविले गेले हे खरेच. समितीच्या बहुतेक सभासदांस ह्या कारभाराची माहिती ६ सप्टेंबर २००६ रोजी, अध्यक्ष बुश जगापुढे कबुली देण्याच्या काही तास आधी, मिळाली. पण समितीच्या प्रमुखांस सप्टेंबर २००२ मध्येच काही सांगण्यात आले होते. किती, आणि ऐकून ते काय बोलले, ह्या प्रश्नाशी अहवाल फार वेळ थांबत नाही. ज्यांनी आपली चौकशीही त्याच निष्ठुरतेने केली असती त्यांच्या शब्दास अधिक धार आली असती.

दुसरे असे की, समितीच्या खिशात किल्ली होती. १९७६ च्या सिनेट ठराव क्रमांक ४०० च्या आठव्या कलमाप्रमाणे अध्यक्षांचा विरोध असतानाही गुप्त मजकूर प्रसिद्ध करण्याचा निर्णय सिनेट स्वतः घेऊ शकते. ही किल्ली न वापरता समिती एप्रिल २०१४ पासून डिसेंबरपर्यंत काळ्या पट्ट्यांविषयी घासाघीस करीत राहिली. ह्याच सिनेटचा पूर्वज फ्रँक चर्च ह्यांची समिती. परकी नेत्यांच्या हत्येच्या कटांविषयीचा आपला अहवाल तिने नोव्हेंबर १९७५ मध्ये अध्यक्ष फोर्ड ह्यांच्या विनंतीस न जुमानता प्रसिद्ध केला. अर्थात् त्याच वेळी प्रतिनिधिगृहाने पाइक समितीच्या अहवालाबाबत जानेवारी १९७६ मध्ये उलटा निर्णय घेतला, आणि तो अहवाल चोरवाटेने वृत्तपत्रात आला. तेव्हा जुना काळ सोन्याचा होता असे आम्हांस म्हणावयाचे नाही.

आपल्याकडे ह्या विषयाचे वाङ्मयच नाही, कारण आपल्या संसदेस असा अहवाल लिहिण्याचे साधन नाही. गुप्तवार्ता विभाग आणि 'रॉ' ह्यांस स्वतंत्र कायद्याचा पाया नाही. तसा कायदा व संसदीय देखरेख सुचविणारे मनीष तिवारी ह्यांचे २०११ चे खासगी विधेयक कायदा होऊ शकले नाही. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातून ह्या संस्था, भ्रष्टाचार व मानवी हक्कांचा भंग हे अपवाद सोडून, वगळलेल्या आहेत. आपला झगडा झाला तो न्यायालयांत. १९६१ साली सोढी सुखदेव सिंग ह्यांच्या खटल्यात न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी बहुमताचा निकाल देताना असे ठरविले की, राज्यकारभाराचा गुप्त कागद न्यायालयाने उघडून पाहावयाचा नाही. साताऱ्याच्या ह्या थोर न्यायाधीशाविषयी आमच्या मनात आदर आहे, तरी तो निकाल आम्हांस कधी पटला नाही. राजनारायण खटल्यात १९७५ साली न्यायालयाने तो कागद पाहण्याचा अधिकार आपल्याकडे घेतला. गोव्यातील वयोवृद्ध वाचकांस पोर्तुगालची 'पिडे' आठवत असेल. तिला प्रश्न विचारणारे विधिमंडळच त्या राज्यात नव्हते. आपल्याकडे विधिमंडळ आहे, प्रश्न मात्र वकिलांनी विचारावयाचे.

मूळ ६,७०० पृष्ठांचे काय झाले? त्याच्या प्रती निरनिराळ्या खात्यांकडे गेल्या होत्या. त्या माहितीच्या कायद्याखाली मागितल्या असता, २०१६ साली वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने निकाल दिला की, तो काँग्रेसचा कागद आहे, खात्यांचा नव्हे. समितीचे पुढचे अध्यक्ष रिचर्ड बर ह्यांनी त्या प्रती परत मागविल्या आणि २०१७ मध्ये कित्येक परत गेल्याही. एक प्रत ओबामा ह्यांनी पायउतार होण्यापूर्वी आपल्या अध्यक्षीय कागदपत्रांत जपून ठेवली.

ज्यांस सर्व सारांश वाचण्यास सवड नाही त्यांनी तो शेवटाकडून उघडावा. तेथे परिशिष्टात एक तक्ता आहे: डाव्या रकान्यात सीआयएचे प्रमुख मायकेल हेडन ह्यांची १२ एप्रिल २००७ ची समितीपुढील साक्ष, उजव्या रकान्यात त्यांच्याच खात्याच्या नोंदी. डावीकडे ते सांगतात की, आपल्या माहितीप्रमाणे कैद्यांस झालेली सर्वांत गंभीर इजा म्हणजे साखळ्यांमुळे उठलेले वळ. त्या दिवशी गुल रहमानला जाऊन चार वर्षे उलटली होती. ह्याच हेडन ह्यांना जानेवारी २००९ मध्ये एका अधिकाऱ्याने सांगितले की, कैद्यांची संख्या निदान ११२ भरते. तेव्हा ती ९८ च ठेवावी अशी सूचना त्याला मिळाली. ही गोष्ट त्या अधिकाऱ्याने स्वतःलाच एक ई-पत्र पाठवून नोंदविली, आणि ते पत्र साठ लाख पृष्ठांत तसेच राहून गेले.