साक्ष कोणाची, नाव कोणाचे?

ग्वातेमालातील किचे-माया समाजाच्या रिगोबेर्ता मेंचू हिचे पुस्तक १९८३ साली स्पॅनिशमध्ये आणि १९८४ साली इंग्रजीत आले. त्याआधी पाच वर्षे मराठीत 'बलुतं' आले होते. दोन्हींची तुलना करण्याचा मोह होतो. भूक तीच, अपमान तोच, मळ्यावरचा मुकादम आणि गावचा पाटील सख्खे भाऊ! तुलना खोटी नाही. पण ती फार स्वस्तात पडते आणि एक मोठा फरक तिच्यात बुडून जातो. दया पवारांनी आपले पुस्तक स्वतः लिहिले. रिगोबेर्ताने आपले पुस्तक सांगितले, आणि लेखिका म्हणून त्यावर नाव पडले एलिझाबेथ बुर्गोस या मूळच्या व्हेनेझुएलाच्या मानववंशशास्त्रज्ञ बाईंचे. या फरकाचा हिशेब आपणही केला पाहिजे. टेपरेकॉर्डर घेऊन माणसे आपल्या वस्त्यांतही येतात.

जानेवारी १९८२. जागा पॅरिस, बुर्गोसबाईंचे घर. रिगोबेर्ता तेव्हा तेवीस वर्षांची. आपण ग्वातेमालात कधी क्षेत्रकार्य केले नव्हते, किचे संस्कृतीचा अभ्यासही केला नव्हता, हे बाईंनीच प्रस्तावनेत लिहिले आहे. म्हणजे संशोधिकेला क्षेत्रात जावे लागले नाही. क्षेत्रच तिच्या घरी चालून आले. आठवडाभर ध्वनिमुद्रण झाले. मग बाईंनी आपले प्रश्न काढून टाकले, स्पॅनिशच्या चुका दुरुस्त केल्या, विषयवार आणि क्रमवार मांडणी केली. रिगोबेर्ता घरी मक्याच्या भाकऱ्या थापत असे, हेही प्रस्तावनेत मोठ्या जिव्हाळ्याने आले आहे. तो जिव्हाळा खोटा असेल असे मी म्हणत नाही. पण पाहुणीने भाकऱ्या थापायच्या आणि यजमानीणबाईंनी ग्रंथकर्त्री व्हायचे, ही वाटणी आपल्याला ओळखीची आहे.

प्रश्न काढून टाकणे ही गोष्ट वाटते तेवढी निरुपद्रवी नाही. प्रश्न गेला की उत्तर आपोआप सुचलेल्या बोलण्यासारखे दिसते. 'तू काय पाहिलेस?' असे विचारले होते की 'तुमच्या लोकांचे काय झाले?' असे? पहिल्या प्रश्नाला माणूस स्वतःपुरते सांगतो, दुसऱ्याला सगळ्या गावाचे सांगतो. छापील पुस्तकात दोन्ही उत्तरे एकाच 'मी'च्या तोंडी पडतात. पुढे जे वादळ उठले त्याचे अर्धे मूळ या कात्रीत आहे, असे मला वाटते.

वादळ उठवले डेव्हिड स्टोल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात तो इशिल भागात काम करीत होता. चाहुल गावी सहज विचारताना त्याला कळले, की रिगोबेर्ता सांगते तसे कोणाला तिथल्या चौकात जिवंत जाळलेले नाही. मग त्याने शंभराहून अधिक माणसे विचारली, जमिनीचे सरकारी दप्तर चाळले आणि आपले पुस्तक काढले. डिसेंबर १९९८ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने तो विषय पहिल्या पानावर नेला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: भावाचा खून सैन्याने केला, पण पुस्तकात आहे तसा घरच्यांच्या डोळ्यांदेखत जाळून नव्हे, बापाचा जमिनीचा मोठा तंटा लादिनो जमीनदारांपेक्षा सासरवाडीच्या तूम घराण्याशी होता, आणि आपल्याला शाळा मिळाली नाही म्हणणारी रिगोबेर्ता नन्सच्या शाळांतून शिकली होती.

यावर तिच्या कैवाऱ्यांनी एक ठरीव उत्तर दिले. साक्ष ही समूहाची असते, तिथे 'मी' म्हणजे 'आम्ही', सबब तपासणी हाच गुन्हा. हे उत्तर आपण उसने घेऊ नये. दलित स्वकथनांवर 'अतिरंजित' हा शिक्का मारणारे आपल्याकडे थोडे नव्हते. त्यांच्यापुढे आपले लेखक उभे राहिले ते घडलेले लिहिले या बळावर. समूहाच्या नावाने तपशील बदलण्याची मुभा आपण मागितली असती तर ते बळ हातचे गेले असते. शाळेची गोष्ट नन्सना वाचवण्यासाठी दडवली, असे रिगोबेर्ताने नंतर सांगितले. भावाच्या मरणासाठी तिने आईच्या सांगण्याचा आधार दिला. पहिले कारण मला पूर्ण पटते. माणसे मारली जात असताना आश्रयदात्याचे नाव न घेणे हा धर्मच आहे. दुसऱ्याबाबत 'हे आईने सांगितले' एवढे चार शब्द पुस्तकात असते तर बरे झाले असते. बापाच्या बाबतीत तर शंकेला जागाच नाही. ३१ जानेवारी १९८० रोजी स्पॅनिश वकिलातीत शिरलेल्या शेतकऱ्यांवर पोलीस चालून गेले, आग लागली, ३७ माणसे मेली. त्यांत बिसेन्ते मेंचू होता. त्याच वर्षी आईला पळवून, हाल करून मारले.

तेव्हा स्टोलने तपासले यात गैर काही नाही. त्याचा दोष पुढे आहे. चौकात कोणी जाळले नाही, दप्तरात अमुक अर्ज आहे, इथवर तो भक्कम जमिनीवर आहे. पण तिथून तो उडी घेतो आणि सांगतो, की गनिमांनी सैन्याला ओढून आणले, शेतकरी दोन सैन्यांमध्ये सापडले, त्यांना लढ्याशी फारसे कर्तव्य नव्हते. या निष्कर्षाला आधार कोणाचा? गावात छावणी असताना बोललेल्या माणसांचा. १९८१-८२ पासून सैन्याने गावोगाव नागरी गस्ती पथके उभी केली होती, पुरुषांना त्यांत सक्तीने राबवले जाई, आणि ती मोडली १९९६ साली. अशा गावात परक्या गोऱ्या माणसाने विचारले, 'तुम्ही कोणाच्या बाजूचे?' तर शहाणा माणूस काय सांगेल? 'साहेब, आम्ही कोणाच्याच बाजूचे नाही.' हे उत्तर खोटेच असेल असे नाही. पण त्यात मत किती आणि भीती किती, हे वेगळे काढण्याचे साधन विचारणाऱ्यापाशी नसते. तरीही त्यावर सिद्धांत रचणे हा शास्त्राचाही दोष आहे आणि नीतीचाही. फेब्रुवारी १९९९ मध्ये सत्यशोधन आयोगाचा अहवाल आला. दोन लाखांहून अधिक मृत आणि बेपत्ता. ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया. नोंदलेल्या अत्याचारांपैकी ९३ टक्के शासनाच्या माथी, गनिमांच्या माथी ३ टक्के. दोन सैन्यांची तागडी या आकड्यांत बसत नाही.

आणि एक गोष्ट या सगळ्या वादात बाजूला पडते. स्टोल अमेरिकेत परतला, बुर्गोसबाई तर पॅरिसमध्येच होत्या. मिर्ना मॅक ग्वातेमालाची. तीही मानववंशशास्त्रज्ञ, इंग्लंडमध्ये शिकलेली. सैन्याने विस्थापित केलेल्या माया कुटुंबांत जाऊन तिने काम केले. ११ सप्टेंबर १९९० रोजी राजधानीत, आपल्या कचेरीबाहेर, तिला सुऱ्याने २७ वार करून मारले. मारेकरी लष्करी खात्यातला होता, त्याला १९९३ साली शिक्षा झाली. हुकूम देणाऱ्या कर्नलपर्यंत पोहोचायला तिची बहीण हेलन हिला २००२ साल उजाडले, आणि शिक्षा झाली तरी तो पसार झाला. परदेशी पारपत्र खिशात असलेल्या संशोधकाने 'मी धोका पत्करला' असे प्रस्तावनेत लिहिण्यापूर्वी हे नाव आठवावे. त्याचा दुभाषी, वाटाड्या, घर देणारी म्हातारी, हे सारे तो गेल्यावर तिथेच राहतात.

परका संशोधक आला की वाईटच होते, असे मात्र नाही. फलटणला राहणाऱ्या मॅक्सीन बर्नसन या अमेरिकन विदुषींमुळे बेबीताई कांबळे यांचे लेखन उजेडात आले. 'स्त्री' मासिकात १९८२ साली ते छापून येऊ लागले, पुढे 'जिणं आमुचं' हे पुस्तक झाले. पण तिथे वह्या बेबीताईंनी आधीच भरल्या होत्या, घरच्यांपासून लपवून, स्वतःच्या अक्षरात. लेखिका म्हणून नावही त्यांचेच.

रिगोबेर्ताने पुस्तकात वारंवार बजावले आहे, की आमच्या काही गोष्टी मी सांगणार नाही, मानववंशशास्त्रज्ञांनाही नाही. तो भाग मला सगळ्या पुस्तकात थोर वाटतो. तिथे तरी कात्री तिच्या हातात आहे. बाकी ज्या मुलाखतींवर पुस्तक उभे राहिले त्यांच्या ध्वनिफिती बुर्गोसबाईंच्या कागदपत्रांबरोबर कॅलिफोर्नियातील हूवर इन्स्टिट्यूटच्या संग्रहात गेल्या. चिमेल गावच्या माणसाला ते प्रश्न ऐकायचे असतील, तर त्याला आधी अमेरिकेचा व्हिसा काढावा लागेल.