अमेरिकन लष्करी पिस्तूल वागविण्याची रीत : एका मताचें परीक्षण

अमेरिकन सैन्याचें ४५ कॅलिबरचें १९११ सालचें पिस्तूल संग्राहकांच्या चांगल्या परिचयाचें आहे. जॉन ब्राउनिंग याच्या आराखड्यावरून सिद्ध झालेलें हें शस्त्र २९ मार्च १९११ रोजीं स्वीकारलें गेलें, व १९८५ सालीं बेरेटाची निवड होईपर्यंत तें त्या सैन्याचें मुख्य पिस्तूल होतें. नळींत काडतूस भरून, घोडा चढवून व खटका लावूनच तें कमरेस बाळगण्याची लष्करी रीत होती, असें मत शस्त्राभ्यासकांत वारंवार मांडलें जातें. तें आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं.

या मताचा सारा भर शस्त्राच्या रचनेवर आहे. १९१० च्या नमुन्यास केवळ मुठीचा खटका होता. अंगठ्यानें लावावयाचा खटका घोडदळाच्या मागणीवरून मागाहून बसविला गेला. एका हातीं लगाम असलेल्या स्वारास भरलेलें पिस्तूल निर्धोकपणें सांवरतां यावें, ही ती सोय. परंतु अशी सोय होती एवढ्यावरून नित्याची आज्ञा सिद्ध होत नाहीं.

आज्ञा लेखांतच शोधली पाहिजे. शस्त्रखात्याची १९१४ ची पुस्तिका बजावते कीं, निकडीचा प्रसंग वगळतां घोडा चढवून व खटका लावून पिस्तूल कमरेच्या पिशवींत ठेवूं नये. १९४० च्या नियमावलींत पाठ बदलतो. मोहिमेवर असतां वापर नजीक दिसत नसेल, तर मॅगझीन भरलेलें, नळी रिकामी व घोडा उतरलेला असावा. वापर संभवनीय असेल, तर पिस्तूल भरून खटका लावावा. शिवाय असें पिस्तूल पिशवींतून काढतांना मूठ अंगापासून दूर वळवावी, नाहीं तर खटका सरकेल, अशीही सूचना आहे. म्हणजे १९१४ चा अपवाद १९४० सालीं प्रसंगपरत्वें नियम झाला. सार्वकालिक रीत तो तेव्हांही नव्हता.

भरलेल्या नळीवर घोडा हलकेच उतरवून ठेवणें अधिक सुरक्षित, असें कांहींचें प्रतिपादन आहे. तेंही टिकत नाहीं. घोडा उतरवितांना अंगठा निसटला तर बार उडतो. तसेंच काडतुसाच्या बुडावर आदळणारी पिन अडविणारी कळ या लष्करी पिस्तुलांत नव्हती. नळीच्या तोंडावर जोरानें पडल्यास बार होण्याचा संभव राहतो.

संग्राहकांनीं या वादाकडे केवळ पुस्तकी म्हणून पाहूं नये. मॅगझीन काढून घेतलें तरी नळींतील काडतूस तसेंच राहतें व चापही चालतो. म्हणून जुनें पिस्तूल हातीं येतांच मॅगझीन काढून, वरची सरक मागें ओढून नळी डोळ्यांनीं पाहावी. आणि पिस्तुलासोबत एखादी पुस्तिका मिळाल्यास तिचें साल प्रथम नोंदवावें. वरील दोन पाठांचा भेद सालावांचून कळला नसता.