रॅपमधला उपदेश आणि रॅपमधला माणूस

नातवाच्या खोलीतून येणारा धपधपाट आम्ही कित्येक महिने 'गोंगाट' या एकाच सदरात जमा केला होता. एके दिवशी तोच म्हणाला, "आजोबा, हा गायक बायबलबद्दल बोलतोय." वसतिगृहातल्या मिझो मित्राकडून ही गाणी त्याच्याकडे आली होती. मग आम्ही गीतांचे शब्द छापून घेतले आणि चष्मा लावून बसलो. गायकाचे नाव लेक्रे.

हिप-हॉप जन्मले ते न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, १९७३ च्या सुमारास. स्टीफन वायली यांची १९८५ ची 'बायबल ब्रेक' ही ख्रिस्ती रॅपची पहिली व्यावसायिक ध्वनिफीत मानली जाते. तरुण चर्चच्या बाकांवर येत नसतील तर चौकातली बोली चर्चमध्ये न्यावी, असा त्यामागचा साधा हिशेब. मराठी वाचकाला याचे नवल वाटू नये. फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात छापले गेले ते ओवीत, आणि रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्तभक्तीसाठी अभंग व कीर्तन जवळ केले.

उपदेशाला रॅप सोयीचा आहे, कारण त्यात शब्द फार मावतात. स्तोत्रात जे चार ओळींत सुचवावे लागते, ते येथे सविस्तर मांडता येते; यमकही ओळीच्या अंतीच नव्हे, पोटातही खेळते. शाय लिन यांनी २००८ च्या 'द अटोनमेंट'मध्ये ख्रिस्ताने केलेल्या प्रायश्चित्ताचा एकच सिद्धान्त अख्ख्या संग्रहभर उलगडला आहे. मात्र या प्रकारातली बरीच गाणी म्हणजे तालावर म्हटलेले पाढे होत. धडा पाठ होतो, पण गाणाऱ्याचे स्वतःचे काही दुखले आहे असे जाणवत नाही.

लेक्रे येथेच निराळे ठरतात. १९७९ साली ह्यूस्टनमध्ये जन्म, वडिलांवाचून बालपण. २००४ साली त्यांनी बेन वॉशर यांच्यासह 'रीच रेकॉर्ड्स' ही संस्था काढली. 'ग्रॅव्हिटी'ला २०१३ साली ग्रॅमी मिळाले. २०१४ च्या सप्टेंबरात 'अ‍ॅनॉमली' बिलबोर्डच्या मुख्य यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. चर्चची श्वेतवर्णीय मुलेही त्यांच्या कार्यक्रमांना गर्दी करीत. त्याआधी महिनाभर फर्ग्युसन येथे मायकेल ब्राऊन हा कृष्णवर्णीय तरुण पोलिसाच्या गोळीने मारला गेला होता. लेक्रे त्याविषयी बोलू लागले. ४ जुलै २०१६ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, त्यांनी कापसाच्या शेतातील गुलामांचे छायाचित्र प्रसृत केले: १७७६ साली आपले कुटुंब येथे होते, असे सांगत. कालचे चाहते संतापले. २०१७ साली श्वेत इव्हँजेलिकल पंथापासून आपण दूर झालो आहोत, असे लेक्रे यांनी जाहीरपणे सांगितले.

गायकाने राजकारणात शिरू नये, असे म्हणणारे म्हणतीलच. आम्हांस ते पटत नाही. या लोकांना रॅपचा ताल हवा होता. त्या तालामागची वस्ती आणि तिची स्मृती नको होती. त्यापेक्षा २०१३ मध्ये एका चर्चासत्रात ख्रिस्ती रॅप मुळातच त्याज्य ठरवणारे काही धर्मोपदेशक आम्हांस अधिक सुसंगत वाटतात. त्यांचा निष्कर्ष चूक होता, परंतु काव्यप्रकार म्हणजे रिकामे भांडे नव्हे, तो आपले जगणे बरोबर घेऊन येतो, हे त्यांना कळले होते. टाळ्या वाजवणाऱ्यांना तेवढेही कळले नाही.

हे लिहिताना आमचीच एक गोष्ट आठवते आहे. येथे इंदुरात आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात तरुणांसाठी ऑर्केस्ट्रा असतो आणि मध्यंतरात मायमराठीवर दहा मिनिटांचे भाषण. ते आम्हीच करतो. नातू नेमका तेव्हा मित्रांसह चहाला जातो. तो वहीत अर्ध्या हिंदी, अर्ध्या मराठीत काहीबाही रॅप लिहितो, हे आम्हांस परवा कळले. बहुतेक ओळींत वसतिगृह आहे, आजीचे आजारपण आहे, आणि दोन ठिकाणी आमची थट्टाही. यंदा ती दहा मिनिटे त्याला द्यावीत असा अर्ज आम्ही कार्यकारिणीकडे केला आहे. निर्णय व्हायचा आहे.