कुलूप कशासाठी होते? ‘फास्ट कमिट’ची चिकित्सा
(हेदवी येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

मित्रहो, विषयाचे नाव ऐकून दोघे-तिघे चहाच्या दिशेने सरकलेले मी पाहिले. बसा. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने संगणकाच्या फाइल सिस्टिमवर का बोलावे, असे विचाराल. तर ‘आधी’ आणि ‘नंतर’ हे कोण ठरवते, हा आमचा जुना प्रश्न तिथे रोज सोडवला जातो, आणि चुकला तर तुमचे पैसे जातात.

आपल्याकडे पावसाळ्यात लाइट जाते, हे काही मी सांगायला नको. सोसायटीच्या संगणकावर नोंद चालू असताना लाइट गेली, तर अर्धे लिहिलेले आणि अर्धे राहिलेले असे काही होऊ नये, यासाठी जुना व्यापारी जे करी तेच संगणक करतो. आधी रोजकीर्द, मग खतावणी. बदल प्रथम रोजकीर्दीत लिहायचा, तो पक्का झाला की सावकाश खतावणीत उतरवायचा. लाइट मध्येच गेली तर परत आल्यावर रोजकीर्द वाचून जुळवून घ्यायचे. लिनक्सच्या ‘ईएक्सटी४’ या फाइल सिस्टिममध्ये ही रोजकीर्द ‘जेबीडी२’ नावाचा भाग सांभाळतो.

अडचण इथून सुरू होते. रोजकीर्द एक आणि लिहिणारे शेकडो. तवसाळहून जयगडला जाणारी फेरीबोट डोळ्यांपुढे आणा. धक्क्याला एका वेळी एकच बोट भरायला उभी. कुणाचीही फाइल बदलली की तो बदल त्याच बोटीत चढणार. साधारण ५ सेकंदांनी बोट सुटते, किंवा कुणी ‘माझे आत्ताच पक्के करा’ म्हणाले (याला ‘एफसिंक’ म्हणतात) तर लगेच. सुटण्यापूर्वी फाटक बंद होते आणि आत चढलेले सगळे नीट बसेपर्यंत बाहेरचे थांबतात. मग दुसरी बोट धक्क्याला लागते. तुम्हाला एक चिठ्ठी पोचवायची असली तरी शेजाऱ्याचा भरलेला ट्रक बरोबर जाणार. शिवाय चार शब्द बदलले तरी रोजकीर्दीत साधारण ४ केबीचे अख्खे पान उतरवले जाते.

या गर्दीवर पहिला मोठा उपाय २०१० साली झाला, लिनक्स २.६.३६ मध्ये. रोजकीर्दीच्या स्थितीवरचे कुलूप चारपेक्षा जास्त कोअरच्या यंत्रांवर फार तापते, असे मोजणीत दिसले. तेव्हा थिओडोर त्सो यांनी त्याचे दोन भाग केले: नुसते बघणाऱ्यांनी एकाच वेळी बघावे, बदलणाऱ्याने एकट्याने यावे. चांगला उपाय, कारागिराचा. पण कुलूप कशासाठी आहे हे त्यात कुणी विचारले नाही. कुलूप गुळगुळीत केले, एवढेच.

दुसरा उपाय मला अधिक विचार करायला लावतो. हर्षद शिरवाडकर (आडनाव ऐकून कुसुमाग्रज आठवले ना? हे दुसरे, गूगलमधले) यांनी ‘फास्ट कमिट’ लिहिले. २०२० च्या अखेरीस लिनक्स ५.१० मध्ये ते आले. पुढे २०२४ च्या यूझनिक्स परिषदेत सौरभ कडेकोडी आणि त्सो यांच्यासह त्यांनी त्यावर निबंधही सादर केला. कल्पना अशी की अख्खी पाने न लिहिता, मागच्या पूर्ण नोंदीनंतर काय बदलले तेवढेच थोडक्यात लिहावे. २०१७ च्या ‘आयजर्नलिंग’ या कोरियन कामातून ती स्फुरली.

यातली एक गोष्ट मला फारच आवडते. ‘क’ काढून टाका, ‘ख’ला ‘क’ नाव द्या, अशी कृती लिहून ठेवली, आणि ती पुन्हा करताना पुन्हा लाइट गेली, तर? तिसऱ्यांदा ‘क काढा’ म्हटले की नव्यानेच ‘क’ झालेली फाइल जाईल. म्हणून फास्ट कमिट कृती लिहीत नाही, निष्पत्ती लिहिते: अमुक नाव आता अमुक क्रमांकाच्या फाइलीचे. ते कितीदा वाचा, फरक पडत नाही. कर्म आणि फल यांतला हा भेद मी वर्गात तीस वर्षे शिकवला, पण इतके चोख उदाहरण माझ्याजवळ नव्हते!

आता दोष. सुरुवातीला फास्ट कमिटसाठी प्रत्येक फाइलची वेगळी राखण होती. ती गुंतागुंतीची म्हणून ५.१७ च्या सुमारास काढली आणि सोपा मार्ग घेतला: फास्ट कमिट चालू असेतो अख्खी रोजकीर्द बंद. म्हणजे जुन्या संथ बोटीचे फाटक माणसे बसेपर्यंतच मिटे, आणि या ‘फास्ट’ बोटीचे पैलतीर येईपर्यंत! नावाशी हे जुळत नाही, आणि त्या नावावर माझा पहिला आक्षेप आहे. पण कृतीवर माझा आक्षेप नाही. दोन राखणी ठेवून दोन्ही अर्धवट समजण्यापेक्षा एकच जाड कुलूप लावून बरोबर चालणे, हे आधी हवेच.

मग ६.१६ मध्ये, म्हणजे २०२५ साली, शिरवाडकरांनीच ते कुलूप अरुंद केले. आता रोजकीर्द फक्त तेवढीच बंद होते जेवढ्यात ‘या फाइली नोंदीत चालल्या’ अशी खूण होते. खूण झाली की फाटक उघडे. ज्या फाइलीवर खूण आहे तिलाच हात लावणारा थांबेल, बाकीचे चालू लागतील. इथे प्रश्न बदलला. कुलूप किती वेगाने उघडते हे बाजूला पडले आणि कोणती गोष्ट खरोखर स्थिर हवी हे विचारले गेले. स्थिर हवी होती ती फक्त ‘काय काय जायचे’ ही यादी. लिहिण्याच्या वेळेसाठी सगळ्यांना धक्क्यावर उभे करायचे कारणच नव्हते.

दुसरा आक्षेप मात्र मी मागे घेणार नाही. काही कामे फास्ट कमिटला झेपत नाहीत: फाइलीचे जादा गुणधर्म बदलणे, फाइल सिस्टिमचा आकार बदलणे, फोल्डरचे नाव बदलण्याचे काही प्रकार. असे काही घडले की ती निमूटपणे जुन्या पूर्ण नोंदीकडे वळते. माहिती सुरक्षित राहते, हे मान्य. पण वेग मात्र शेजारी काय करतो यावर ठरतो. एकाने फोल्डर हलवले आणि दुसऱ्याचे एफसिंक लांबले, तर त्या दुसऱ्याला कारण कोण सांगणार? यंत्र याची मोजणी ठेवते, ‘प्रोक’मधल्या ‘एफसी इन्फो’ या पानावर कारणांसकट आकडे मिळतात. पण ते पान व्यवस्थापक उघडतो, वापरणारा नाही. शिवाय ही सोय आपण होऊन चालू होत नाही, मागावी लागते. म्हणजे जिला हिची खरी गरज, ती छोटी कचेरी जुन्याच बोटीने जाणार.

प्रश्न असतील तर विचारा. कडेकोडींच्या निबंधातले आकडे मला विचारू नका, ते तुम्ही स्वतः वाचा. निबंध खुला आहे.