सोवळे, मोळी आणि मरीआई : मराठी आत्मपर लेखनातील धार्मिक भीतीचे संस्कार

प्रस्तावना :

धर्मश्रद्धेचे मूळ भीतीत आहे, हा विचार नवा नाही. डेव्हिड ह्यूम यांनी १७५७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात माणसाच्या आशा आणि भीती यांतून देवकल्पना उद्भवली असे प्रतिपादन केले. बर्ट्रांड रसेल यांनी १९२७ साली लंडन येथे दिलेल्या प्रसिद्ध व्याख्यानात धर्माचा पाया मुख्यतः भीती हाच असल्याचे सांगितले. मराठीत आगरकरांच्या 'सुधारका'पासून हा विचार वेगवेगळ्या रूपांत येत राहिला आहे आणि आपल्याकडील समीक्षाही तो बहुधा तसाच स्वीकारते. मात्र हे विधान जितके व्यापक तितकेच ते निरुपयोगी ठरण्याची शक्यता असते. कोण कोणाला भितो, त्या भीतीपायी घरातले पाणी कोण भरतो आणि अंगण कोण सारवतो, असे प्रश्न तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात येत नाहीत. ते आत्मचरित्रांत येतात.

प्रस्तुत लेखात लक्ष्मीबाई टिळक यांचे 'स्मृतिचित्रे' (१९३४-३६) आणि बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६) ही दोन आत्मकथने प्रामुख्याने विचारात घेतली आहेत. आपल्या अध्ययन-अध्यापनात ही दोन्ही पुस्तके बहुधा एकमेकांना भेटत नाहीत. एक आत्मचरित्र या वाङ्मयप्रकाराचा आदर्श म्हणून शिकविले जाते, तर दुसरे दलित साहित्याच्या स्वतंत्र अभ्यासपत्रिकेत. ही विभागणी सोयीची असली तरी तिच्यामुळे एक महत्त्वाची गोष्ट नजरेआड होते. दोन्ही पुस्तकांतील भीती एकाच उंबरठ्याच्या दोन बाजूंना उभी आहे.

फासाचे भय आणि मिठाचे सोवळे :

'स्मृतिचित्रे'ची सुरुवात वडिलांच्या, म्हणजे नाना गोखले यांच्या सोवळ्याने होते. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. मिठालासुद्धा त्यातून सुटका नाही. लक्ष्मीबाई हे सारे इतक्या प्रसन्न विनोदाने सांगतात की वाचक हसतो आणि पुढे जातो. समीक्षकांनीही या विनोदाचेच कौतुक अधिक केले आहे. ते कौतुक अनाठायी नाही, परंतु त्यामुळे लेखिकेने त्याच पानांवर नोंदवलेले कारण झाकले जाते. नानांचे सोवळे वंशपरंपरेने आलेले नव्हते. १८५७च्या धामधुमीत त्यांचे सासरे वासुदेव भगवंत जोगळेकर यांना इंग्रज सरकारने फाशी दिली. त्या प्रसंगाच्या आघातानंतर नानांच्या डोक्यात सोवळ्याने घर केले.

हे कार्यकारण फार विचार करण्यासारखे आहे. घरातील कर्त्या माणसाला सरकार फासावर लटकवू शकते, ही भीती पूर्णपणे ऐहिक आहे आणि वास्तवही आहे. तिच्यावर नानांच्या हाती कोणताच उपाय नव्हता. सरकारला विरोध करणे शक्य नव्हते आणि मृताला परत आणणेही शक्य नव्हते. मात्र विटाळ टाळणे त्यांच्या हाती होते. ज्या भीतीला उत्तर नाही तिच्या जागी उत्तर असलेली भीती आली, आणि हे उत्तर म्हणजे पाणी. धर्माने येथे भीती निर्माण केली असे म्हणता येत नाही. आधीच असलेल्या भीतीला त्याने एक रीत दिली, रोज करता येईल असे काम दिले. ते काम करणारे हात मात्र नानांचे नव्हते. धुणे, वाळवणे, वेगळे ठेवणे हे सर्व घरातील बायकांच्या आणि मुलांच्या वाट्याला आले.

संस्काराचा प्रश्न येथे सुरू होतो. नानांनी फास अनुभवला होता. मुलांनी तो अनुभवला नव्हता. त्यांच्यापर्यंत पोहोचले ते केवळ धुणे. मोठ्यांच्या भीतीचे कारण मुलांना सांगितले जात नाही. पुष्कळदा ते मोठ्यांनाही सांगता येत नाही. मुले केवळ कृती उचलतात आणि कारण नसलेली कृती हळूहळू 'धर्म' या नावाने ओळखली जाऊ लागते. मुलांना श्लोक पाठ करून घेऊन जे साधत नाही ते ओल्या वस्त्राला हात लावल्याबद्दल बसलेल्या एका धपाट्याने साधते. शिकवण विसरता येते. शरीराला लागलेले वळण विसरणे तितके सोपे नसते.

याची साक्ष लक्ष्मीबाईंच्या पुढील आयुष्यात मिळते. रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या, परंतु त्यांचा स्वयंपाक वेगळा राहिला. ज्या माणसासाठी त्यांनी नातेवाइकांचा रोष पत्करला, त्याच्या पंक्तीला मात्र त्या बसू शकत नव्हत्या. टिळकांजवळ युक्तिवादांची कमतरता नव्हती आणि लक्ष्मीबाईंजवळ बुद्धीची. तरीही युक्तिवादाने चूल एक झाली नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, या प्रश्नाशी त्या स्वतःच्या विचाराने येऊन ठेपल्या तेव्हाच सोवळे सुटले. आणि ते सुटले १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेण्याच्या आधी. हा क्रम महत्त्वाचा आहे. धर्मांतराने त्यांची भीती गेली असे सर्रास लिहिले जाते. वस्तुतः भीती गेल्यानंतर धर्मांतर शक्य झाले.

'स्मृतिचित्रे'तील विनोदाचा विचारही या दृष्टीने व्हायला हवा. ज्या वळणातून माणूस बाहेर पडला आहे त्याच वळणाकडे तो अशा रीतीने हसून पाहू शकतो. हा विनोद लेखिकेच्या स्वभावाचा भाग आहेच, पण तो पलीकडच्या काठावरून आलेला आहे. नानांच्या घरात त्या काळी कोणी हसत असेल असे वाटत नाही.

मोळीतला केस :

'जिणं आमुचं'मध्ये एक प्रसंग आहे. महार बायका रानातून सरपण आणून ब्राह्मण घरांत विकीत. मोळी दारात टाकण्यापूर्वी घरातील बाई त्यांना बजावते की एकेक काटकी नीट पाहा, तुमचा केस किंवा लुगड्याचा धागा तिला अडकून आत आला तर घर बाटेल, मग सारे घर सारवावे लागेल, कपडे धुवावे लागतील आणि देवालाही ते खपणार नाही. उपाशी बाया उन्हात उभ्या राहून काटक्या तपासतात.

हा प्रसंग वाचताना नानांच्या घरातील धुतलेले मीठ आठवल्याशिवाय राहत नाही. तेथे वस्तू आत आल्यावर धुतली जात होती, येथे आत येण्यापूर्वीच ती निवडली जाते, आणि निवडण्याचे काम ज्यांच्या स्पर्शाची भीती आहे त्यांच्याकडूनच करून घेतले जाते. भीती एकीची, श्रम दुसरीचे. मोळी तपासून घेणारी ती बाईही स्वतंत्र नाही, हे बेबी कांबळे यांनी तिच्याच तोंडून सूचित केले आहे. बाटलेले घर सारवण्याची वेळ आली तर ते तिलाच सारवावे लागणार आहे. तथापि दोघींना एकाच मापाने 'पीडित' ठरवणे म्हणजे प्रसंगातील ऊन आणि भूक पुसून टाकणे होईल. लेखिका तसे करीत नाही, वाचकानेही करू नये.

मराठी वाचकाच्या ओळखीची आणखी एक मोळी आहे. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'मध्ये (१९३५) एका वृद्ध महार स्त्रीची लाकडांची मोळी रस्त्यात पडते. लोक काय म्हणतील या विचाराने श्याम कचरतो. आई त्याला मोळी उचलून देण्यास सांगते आणि घरी आल्यावर आंघोळ करण्यासही सांगते. या प्रसंगाची आजवरची वाचने दोन टोकांची आहेत. काहींना त्यात निखळ करुणा दिसते, काहींना केवळ आंघोळ. दोन्ही वाचने अपुरी वाटतात. आईने भीतीला नकार दिलेला नाही. तिने भीतीच्या आत करुणेसाठी जागा केली आहे, आणि आंघोळ हे त्या जागेचे भाडे आहे. तिच्या काळात व तिच्या घरात ते भरल्याशिवाय मोळी उचलली गेली नसती. प्रश्न मुलाचा आहे. श्यामने दोन्ही गोष्टी घेतल्या, मोळीही आणि आंघोळही. पुढे यांपैकी काय टिकले याचे उत्तर पुस्तकाबाहेर मिळते. १९४७ साली पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजी उपोषणाला बसले. अर्थात प्रत्येक श्यामच्या बाबतीत असेच घडले असे म्हणण्यास काहीही आधार नाही.

आषाढ :

उंबरठ्याबाहेरच्या वस्तीतही भीती आहे आणि बेबी कांबळे तिच्याविषयी कोणतीही भीडमुर्वत न ठेवता लिहितात. वीरगावच्या महारवाड्यातील आषाढ महिन्याचे त्यांचे वर्णन हा या पुस्तकाचा सर्वांत समृद्ध भाग आहे. घरे सारवली जातात, एरवी दुर्मीळ असलेली आंघोळ होते, गोडधोड शिजते, देव्यांची मिरवणूक निघते, बायकांच्या अंगात येते. मूल आजारी पडले की आईबाप नवस बोलतात आणि थोरला मुलगा देवीला पोतराज म्हणून सोडला जातो.

मरीआईची भीती निराधार नव्हती. पटकीची साथ आली की वस्त्या ओस पडत. औषध नाही, डॉक्टर नाही, पाणवठा वेगळा आणि अपुरा. नानांच्या सोवळ्यामागे जसा फास होता तशी मरीआईमागे पटकी होती. देवीच्या रोगाचे तर नावच देवीवरून पडले. भारतातील त्या रोगाचा शेवटचा रुग्ण १९७५ साली नोंदला गेला. देवीचे भय त्याच वर्षी संपले असे कोणी म्हणणार नाही. येथेही कारण मागे पडले आणि रीत पुढच्या पिढीकडे गेली.

मात्र या लेखनाचे खरे बळ आणखी एका निरीक्षणात आहे. जिला एरवी गावाच्या वाटेवरून बाजूला होऊन उभे राहावे लागते, घरात सासूचा आणि नवऱ्याचा मार खावा लागतो, तिच्या अंगात देवी आली की सारे तिच्यापुढे वाकतात. ज्या आईचा मुलगा पोतराज झाला तिला वस्तीत मान मिळतो. म्हणजे भीती केवळ घेत नाही, काही देतेही. ज्यांना दुसरीकडून काहीच मिळत नाही त्यांना ती थोड्या वेळाची प्रतिष्ठा देते. अंधश्रद्धेचा विचार करणारे बहुतेक लेखन या ठिकाणी कमी पडते. भीती हा केवळ अज्ञानाचा परिणाम असता तर माहिती देऊन ती दूर झाली असती. वस्तीतील बाईला देवी सोडायला सांगणे म्हणजे तिला वर्षातून एकदा मिळणारा मान सोडायला सांगणे होते, आणि त्या बदल्यात काय देणार हा प्रश्न सांगणाऱ्याने क्वचितच विचारला.

डॉ. आंबेडकरांनी तो विचारला. जेजुरी येथील त्यांच्या भाषणाचे जे स्मरण लेखिकेने दिले आहे, त्यात देवाला वाहणे थांबवा एवढेच सांगणे नाही. मुलांना शाळेत घाला हेही त्याला जोडून आहे. पोतराजाच्या आईला मिळणारा मान शिकलेल्या मुलाच्या आईला मिळेल, असा तो व्यवहार होता. बायकांनी त्याला दिलेला प्रतिसाद लेखिका विशेष अभिमानाने नोंदवते. १९५६च्या धम्मदीक्षेपूर्वी पुष्कळ घरांत मनाची ही तयारी झालेली होती. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत दिसलेला क्रम येथे सामुदायिक स्वरूपात दिसतो.

महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. भीती दाखवून फसवणाऱ्या भोंदूला त्यामुळे शिक्षा होऊ शकते आणि ते आवश्यकच होते. नानांसारख्या घरधन्याला मात्र कोणत्याही कायद्याचे कलम लागू होत नाही. तो कोणाला फसवत नाही. तो स्वतः भ्यालेला असतो आणि मुलांवर त्याची मायाही असते.

'जिणं आमुचं'विषयी एक बाब शेवटी नोंदवणे आवश्यक आहे. 'स्त्री' मासिकातून क्रमशः येण्यापूर्वी हे लेखन अनेक वर्षे घरातच पडून होते. ते नवऱ्याच्या नजरेला पडू नये म्हणून सुमारे वीस वर्षे लपवून ठेवल्याचे बेबी कांबळे यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितले. संशयापायी नवऱ्याकडून झालेल्या मारहाणीविषयीही त्या तेथेच बोलल्या. पुस्तकात मात्र तिचा उल्लेख नाही. मरीआईविषयी, खंडोबाविषयी, गावातील सवर्णांविषयी इतक्या निर्भयपणे लिहिणाऱ्या लेखिकेने हे एक प्रकरण लिहिले नाही. वह्या लपवण्यासाठी तिने घरातील एक जागा शोधली होती, आणि स्वयंपाक, दुकान, मुलांचे संगोपन यांतून वेळ काढून ती तेथून वह्या काढीत असे, लिहीत असे आणि परत ठेवीत असे.